थांबा, जोडून देतो

हॅलोकाका घरातून गेले ते चोरासारखे नव्हे. चपला घातल्या, तपकिरी स्वेटर चढवला, बटणं एकाखाली एक चुकवून लावली, आणि कुणाला त्रास नको म्हणून दार हलक्या हाताने ओढून घेतलं. जणू ड्यूटीवर निघाले होते. हॅलोकाकू आत पीठ चाळत होत्या. त्यांना वाटलं, वारा आला.

वारा नव्हता. वाऱ्याने दार वाजतं, असं गप्प होत नाही.

तेव्हापासून काकूंनी त्या दाराला कडी घातली नाही. आईकडून आलेली एक सवय त्यांना होती. हात कामात असले की ओठांवर आपोआप ओळी जुळायच्या, कुणी ऐकावं म्हणून नव्हे, काम सरावं म्हणून. आता काम सरत नव्हतं आणि ओळीही थांबत नव्हत्या.

गेला घरातून दीस,
दार ठेविले उघडे;
वाट अंगणाला पुसे,
कोणीकडे, कोणीकडे?

हॅलोकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं, तेव्हा गल्लीने ठेवलेल्या नावाला हरकत घेणार कोण? सारी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. डोक्याला पट्टा, कानाला यंत्र, समोर भोकाभोकांची पाटी आणि हातात दोऱ्या. या भोकातला माणूस त्या भोकातल्या माणसाला जोडून द्यायचा. तिथली एक शिस्त होती. फोनवर तोंड उघडलं की आधी आपला नंबर सांगायचा, म्हणजे पलीकडच्याला कळतं आपण कुणाशी बोलतोय. मग म्हणायचं, ‘थांबा, जोडून देतो.’ ना नाव, ना गाव, ना चौकशा. ही शिस्त अंगात एवढी मुरली की निवृत्तीनंतर दारावरची बेल वाजली तरी काका आतून आधी घरचा नंबर सांगायचे. दूधवाल्याला तो पाठ झाला होता.

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग बायको कोण ती. नंबर तेवढे राहिले. झाडाची पानं गळून गेली आणि घरटी तशीच राहिली.

काकूंनी पोलिसांत कळवलं आणि रेडिओवर कळवलं. शहराच्या रेडिओवर रोज सकाळी ‘हरवले आहेत’ म्हणून छोटासा कार्यक्रम असे. एक निवेदिका भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात माणसं सांगायची. त्या सकाळी तिने सांगितलं, ‘वय झालेले गृहस्थ, बांधा मध्यम, अंगात तपकिरी स्वेटर, स्मृती क्षीण, स्वतःचे नाव सांगू शकत नाहीत.’ आणि लगेच पुढचा कार्यक्रम लागला, पिपाणीदादाचा.

पिपाणीदादाला ओळखत नाही असा कान शहरात नव्हता. गळ्यात दोरीला पत्र्याची पिपाणी. विनोद झाला की वाजवायची, विनोद पडला की जास्त जोरात वाजवायची. त्या पिपाणीवर शहर दात घासत असे, दाढी करत असे, बसच्या रांगेत हसत असे.

“ऐकलंत का मंडळी?” पिपाणीदादा म्हणाला. “गृहस्थ स्वतःचं नाव विसरलेत! काय नशीब काढलंय! मी रोज सकाळी आरशात बघून विसरायचा प्रयत्न करतो, जमत नाही.” पिपाणी. “तर आज आपली स्पर्धा. ज्याला ज्याला हरवावंसं वाटतंय त्याने फोन उचला आणि म्हणा, मीच तो! जो सगळ्यात छान हरवेल त्याला बक्षीस, एक तपकिरी स्वेटर!” पिपाणी, पिपाणी.

काकू स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. काका गेल्यापासून सोबतीला आलेली त्यांची धाकटी बहीण खुर्चीतून ताडकन उठली.

“जीभ झडो मेल्याची! अक्का, बंद कर तो रेडिओ!”

“राहू दे,” काकू म्हणाल्या. घरात एक पुरुषी आवाज असला की बरं वाटायचं, एवढंच.

फोन येत राहिले. एक दातांचा डॉक्टर म्हणाला, मी एका पेशंटच्या तोंडात हरवलोय, बाहेरचा रस्ता सांगा. एक नवरा म्हणाला, मी हरवलोय हे बायकोला आठवडाभर कळलेलं नाही, तेवढं सांगू नका. एक बाई म्हणाली, माझे हरवत का नाहीत ते विचारा. शहर खदाखदा हसलं. त्या हसण्यात बहुतेक सगळे होते, हे पुढे कुणालाच आठवलं नाही. विस्मरण काही एकट्या हॅलोकाकांना झालेलं नव्हतं.

मग एक आवाज आला. संथ, स्वच्छ, घडी केलेल्या रुमालासारखा. त्याने दोन आकडे उच्चारले, आणि तेवढ्यात पिपाणीदादाने पिपाणी फुंकली.

“हा कोण बुवा आकडे लावतोय?”

“थांबा, जोडून देतो,” आवाज म्हणाला.

“ऐका! हरवलेला माणूस जोडून देतोय! अहो, आधी स्वतःला जोडा!” पिपाणी. आणि फोन तुटला.

काकूंच्या हातातली वाटी हातातच राहिली.

“ऐकलंस?”

“ऐकलं! सगळं ऐकलं! सोडत नसते मी याला!”

“ते नव्हे गं. ते होते.”

बहिणीने अक्काकडे पाहिलं. धक्का बसला की माणूस असंच काहीबाही बोलतं, हे तिने वाचलेलं होतं. तिने अक्काला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, पदर खोचला आणि अक्काच्या अपमानाचा सूड घ्यायला ती घराबाहेर पडली.

*

दुपारपर्यंत शहराला राग आला. सकाळी हसून झाल्यावर जरा वेळ लागतोच.

भावना-रक्षण समिती नावाची एक संस्था शहरात होती. तिच्या अध्यक्षबाईंनी कधी कुणाचं मन दुखावलेलं सहन केलं नव्हतं, आणि दुखावलेलं मन कुणाचं हे विचारण्यात वेळही घालवला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून त्यांचं पत्रक आलं. वृद्धत्वाची विटंबना. विस्मृतीची थट्टा. पिपाणीचा निषेध. त्या अनाम गृहस्थांशी एकजूट म्हणून सर्व सुजाण नागरिकांनी तपकिरी स्वेटर घालावेत.

आणि नागरिक सुजाण निघाले! कपाटं उघडली, ट्रंका उपसल्या. ज्यांच्याकडे तपकिरी नव्हता त्यांनी काळपट चालवून घेतला. दोन दिवसांत रस्ता असा दिसू लागला की जणू शहरावर चहा सांडलाय. शाळेचे मास्तर, बँकेचे कारकून, पोस्टमन, न्हावी, सगळे एकाच रंगाचे.

काकू पोलीस चौकीत गेल्या तेव्हा फौजदाराने कपाळाला हात लावला.

“काकू, बसा. तुमच्या माणसाचा पत्ता लागला नाही असं नाही. भारी लागलाय. बागेत दिसलेत, बसमध्ये दिसलेत, सिनेमाच्या रांगेत दिसलेत, पुलावर तर एका वेळी सहा दिसलेत. सकाळपासून फोन खाली ठेवायला मिळत नाही. सगळे म्हणतात, तपकिरी स्वेटरवाला म्हातारा.”

“मग?”

“मग काय! काल आम्ही एक उचलून आणला, तो न्यायाधीश निघाला. आता तुम्हीच सांगा, शोधू कसा?”

फौजदार बोलता बोलता उकडलं म्हणून पुढची बटणं सोडू लागला. त्याच्याही अंगात तपकिरीच होता.

“मी काय म्हणते,” काकू म्हणाल्या, “ते रेडिओवर बोलले. फोनवर. नंबर सांगत होते, त्यावर पिपाणी वाजली. तो नंबर मिळाला तर...”

“पिपाणीवर आमची चौकशी चालूच आहे,” फौजदार म्हणाला. “त्याला सोडणार नाही. तुम्ही निश्चिंत घरी जा.”

*

फोन कुठून आला हे यंत्रावर दिसायचे दिवस अजून यायचे होते. म्हणून काकू रेडिओ केंद्रावर निघाल्या. रेडिओत बोललेलं तिथे फितीवर उतरवून ठेवतात, हे काकांनीच कधीतरी सांगितलं होतं.

केंद्राच्या फाटकाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. स्वेटरच स्वेटर. फलकावर लिहिलं होतं, ‘आज त्यांची थट्टा, उद्या आमची’. काकूंनी वाट काढायचा प्रयत्न केला तर एका तरुणाने त्यांना हळूच मागे सारलं.

“आजी, इथे नका थांबू. चेंगराल. आम्ही तुमच्यासारख्यांसाठीच लढतोय.”

“अरे बाबा, मला आत जायचंय.”

“आत कुणाला जाऊ द्यायचं नाही असं ठरलंय. त्या गृहस्थांच्या कुटुंबाचा विचार करा जरा!”

“तोच करतेय,” काकू म्हणाल्या. पण तोवर घोषणा सुरू झाली होती, आणि पहिल्या रांगेत, गळ्याच्या शिरा ताणून, मूठ वर करून ओरडत होती ती त्यांची सख्खी बहीण. तिने अक्काला पाहिलं आणि हर्षाने किंचाळली, “हीच! हीच ती! माझी अक्का! त्यांची बायको!”

मग काय! मघाशी शिरकाव नव्हता तिथे आता वाट झाली. अध्यक्षबाईंनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाला येऊन फोटो काढेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. मग ‘पीडित पत्नी’ला मधे घेऊन समिती संचालकांच्या खोलीत शिरली.

संचालकांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली केंद्राला मिळालेली शाबासकीची पत्रं होती. बहुतेक पिपाणीदादाच्या कार्यक्रमाबद्दलची. आज त्यांवर एक टॉवेल पसरला होता.

“ताई,” संचालक उभे राहत काकूंना म्हणाले, “केंद्राच्या वतीने मी आपली... आपल्या भावना...”

“माझं एक काम होतं,” काकू म्हणाल्या. “त्या सकाळची फीत ऐकायची होती.”

अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले.

“केवढं धाडस! पण नाही. तुम्हाला पुन्हा त्या यातनेतून आम्ही जाऊ देणार नाही. ती फीत समितीच्या मागणीवरून कालच पुसून टाकली. आमच्या डोळ्यांदेखत.”

“पुसली?”

“समूळ!”

काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या.

“बरं. मग ते ‘हरवले आहेत’ तरी पुन्हा एकदा वाचायला सांगा. कालही लागलं नाही, आजही नाही.”

“तो कार्यक्रम आम्ही बंद केला आहे,” संचालक हळुवारपणे म्हणाले. “संवेदनशीलतेपोटी. आता कुणा हरवलेल्याची थट्टा होणं नाही.”

“म्हणजे हरवलेलं माणूस आता कुणी सांगायचंच नाही?”

“अगदी बरोबर. त्यांच्या सन्मानासाठी.”

काकूंना हसू आलं की रडू, ते त्यांनाही कळलं नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडावं म्हणतात, इथे तर फुफाट्यावर बसायला पाट मांडला होता. अक्का का गप्प झाली म्हणून बहीण त्यांची पाठ चोळू लागली.

“आणि तो कुठे आहे?” काकूंनी विचारलं.

“तो?” अध्यक्षबाई फुलल्या. “तो आत बसलाय. थोड्या वेळात सगळ्या शहरासमोर माफी मागणार आहे. मसुदा आम्ही केलाय. आपण इथेच बसून ऐका.”

“मला त्याला भेटायचंय.”

“मारणार तुम्ही त्याला?” फोटोवाल्याने आशेने विचारलं.

“बघू,” काकू म्हणाल्या.

*

स्टुडिओ म्हणजे एक छोटी खोली, भिंतींना भोकं पाडलेले पुठ्ठे, मधे टेबल, टेबलावर मायक्रोफोन. काचेपलीकडे यंत्रांपुढे ध्वनिवाला बसलेला. आत दार लागलं की बाहेरचं जग असं गप्प होई की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यावा.

पिपाणीदादा काकूंच्या मनात होता तेवढा दांडगा नव्हता. केस विरळ, नखं कुरतडलेली. गळ्यात पिपाणी नव्हती. ती संचालकांनी कपाटात कुलूपबंद केली होती. समोर माफीचा कागद होता. तो नीट वाचला की महिन्याभराने परत कामावर, हे ठरलं होतं. नाही वाचला तर घरी.

काकू आत आल्या तसा तो उठला आणि गाल पुढे करावा तसा उभा राहिला.

“काकू, माझं चुकलं.”

“ते नंतर. आधी सांग, त्या वेळी पिपाणी का वाजवलीस?”

“कधी?”

“एकजण आकडे सांगत होते तेव्हा. ‘थांबा, जोडून देतो’ म्हणाले ते.”

तो आठवू लागला. “खरं सांगू? त्यांच्या बोलण्यावर काय विनोद करावा ते सुचेना. सुचलं नाही की मी वाजवतो.”

“ते माझे यजमान होते.”

पिपाणीदादा खुर्चीत बसला नाही, खुर्चीनेच त्याला खाली ओढलं.

“एक्स्चेंजमध्ये होते,” काकू म्हणाल्या. “बोलायच्या आधी आपण कुठल्या नंबरवर बसलोय ते सांगायची सवय. ते तुला पत्ता सांगत होते बाबा. तू त्यावर पिपाणी फुंकलीस.”

“हरवलेल्यांना बोलावलं मी,” तो हळूच म्हणाला, “आणि आले तेच एकटे खरे.”

“आता मी काय सांगते ते ऐक. ही माफी मला नको.”

“काकू, तुम्हाला नको असली तरी बाहेरच्यांना हवी आहे.”

“बाहेरच्यांचं कुणी हरवलंय का?”

त्याने नख कुरतडलं; पिपाणी कपाटात होती.

“तू परत तेच बोल,” काकू म्हणाल्या. “जसं त्या दिवशी बोललास तस्सं. हरवलेल्यांनो, फोन करा. माफी मागितल्यावर माणसं मान डोलावतात आणि रेडिओ बंद करतात. तू हसवलंस की कानात जीव आणून ऐकतात. ज्याने कुणी त्या दिवशी त्यांच्या हाती फोन दिला, तो तुझंच ऐकणारा असणार. तो आजही ऐकत असेल.”

“लोक मला उभा जाळतील, काकू.”

“आधी फोन येऊ दे,” काकू म्हणाल्या. “मग सांगते त्यांना, जाळा म्हणून.”

काचेमागे ध्वनिवाल्याने बोट वर केलं. लाल दिवा लागला.

पिपाणीदादाने कागद उचलला. “काही दिवसांपूर्वी माझ्या हातून जे घडले,” त्याने वाचलं, “त्याबद्दल मला तीव्र, मनःपूर्वक व बिनशर्त...” आणि तो थांबला. बाहेरच्या खोलीत लावलेल्या स्पीकरखाली अध्यक्षबाई ओठांनी पुढचा शब्द म्हणत होत्या. तो आलाच नाही.

“मंडळी,” पिपाणीदादा म्हणाला. आवाज बदलला, सकाळचा झाला. “हे वाचता वाचता मीच हरवलो. एवढे मोठे शब्द, मधे मी कुठे आहे ते सापडेना! आपली स्पर्धा अर्धवट राहिलीय. स्वेटर अजून कुणाला दिलेला नाही. ज्याला ज्याला हरवल्यासारखं वाटतंय त्याने फोन उचला. आणि त्या दिवशी आकडे सांगणारे साहेब, तुमचा नंबर मला नीट ऐकू आला नव्हता. चूक माझी. परत लावता का?”

मग ध्वनिवाल्यापुढची सगळी बटणं एकदम पेटली.

आणि तिथेच घोडं अडलं. फोन करत होते ते संतापलेले.

“निर्लज्ज माणसा!” पहिला फोन. ध्वनिवाल्याने तोडला, दुसरा घेतला. “त्या माउलीचा तरी विचार...” तोडला. “मी तपकिरी स्वेटर घालून बोलतोय आणि...” तोडला. एकाने सगळी लाइन अडवून नुसतं छी-छी केलं. दातांचा डॉक्टर पुन्हा आला होता, या वेळी रागावून. चौथ्या की पाचव्या फोनवरचा आवाज काकूंना ओळखीचा वाटला. त्या बाहेरच्या खोलीतून बोलणाऱ्या अध्यक्षबाई होत्या.

काकूंनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. एवढ्या सगळ्यांना त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं की त्यांच्या माणसाला फोन लागायला लाइनच मोकळी नव्हती.

“घेत राहा,” पिपाणीदादा काचेकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाला. “घेत राहा.”

बाहेर दारावर धक्के बसू लागले होते. ध्वनिवाल्याने खुर्ची दाराला लावली आणि पुढचं बटण दाबलं.

त्या बटणातून आधी करवतीचा आवाज आला. लांबून, लाकूड चिरल्याचा. आणि मग, घडी केलेल्या रुमालासारखा तो आवाज. एकेक आकडा, सावकाश, स्पष्ट. पिपाणीदादाचा हात सवयीने छातीकडे गेला आणि रिकाम्या जागी थांबला. सगळा नंबर हवेतून गेला. ध्वनिवाल्याने तो तळहातावर लिहून घेतला.

“थांबा,” आवाज म्हणाला, “जोडून देतो. आमच्या मॅनेजरसाहेबांना बोलायचंय.”

“नको!” पिपाणीदादा घाईने म्हणाला. “म्हणजे, साहेब, तुम्हीच बोला ना. कोण आपण?”

“ते सांगता येत नाही. नियम नाही. कोण हवंय?”

पिपाणीदादाने मायक्रोफोन काकूंपुढे सरकवला. काकूंच्या तोंडावर ‘अहो’ आलं होतं, ते त्यांनी गिळलं. ‘अहो’ने ते घाबरतील. ओळखीच्या बाईने हाक मारली आणि ओळख लागली नाही की ते लहान मुलासारखे घाबरत. एक्स्चेंजमधल्या माणसाला थोपवून धरायचं तर त्याला काम द्यायला हवं.

“मला एक नंबर हवा होता,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घरचा नंबर सांगितला.

“थांबा, जोडून देतो.”

फोन होता एका लाकडाच्या वखारीतून; तिथे बाहेरच्या दोन लाइनी होत्या आणि करवतघराला एक आतली. दुसऱ्या लाइनीवर काकांनी नंबर फिरवला. फिरवल्याचा खर्र खर्र आवाज सगळ्या शहराने ऐकला. मग घंटी. दूर, कडी नसलेल्या दाराच्या घरात, ओट्यावरच्या वाटीशेजारी, घंटी वाजू लागली.

वाजे रिकाम्या घरात
घंटी कुणाची कुणाला?
मी गं उभी परक्यात,
त्याने शोधिले घराला.

ओळी ओठांवर आल्या, पण काकूंनी ओठ दाबून धरले. शहरात त्या घटकेला कुणी खोकलं नाही. फाटकावरच्या घोषणाही थांबल्या, कारण फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या कोठीतही रेडिओ होता.

“उचलत नाहीत बाई,” आवाज म्हणाला.

“अजून जरा वाजू द्या.”

घंटी वाजत राहिली. आवाज जरा अडखळला.

“हा नंबर...” तो म्हणाला. “बाई, हा नंबर माझ्या घरचा आहे. असं होत नाही. आमची ही पहिल्या घंटीला उचलते. दुसरी वाजूच देत नाही.” खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. “काहीतरी झालंय. मला घरी जायला हवं. पण बोर्ड सोडून जाता येत नाही.”

“तुम्ही बसा तिथेच,” काकू म्हणाल्या. “हलू नका. तुम्हाला सुट्टी द्यायला माणूस येतोय. आत्ता निघाला.”

*

एक्स्चेंजला विचारल्यावर कळलं, त्या नंबराची वखार नदीपलीकडे होती. मॅनेजर फाटकातच उभा होता, हातात टोपी आणि चेहऱ्यावर पश्चात्ताप.

“काकू, मला वाटलं मालकांचे नातेवाईक. मालकांना वाटलं मी ठेवलेत. एकमेकांचा मान राखून दोघेही गप्प बसलो. आधीचा टेलिफोनवाला सोडून गेला होता, हे आले, बोर्डापुढे बसले, कामाला लागले. डबा माझ्याबरोबर, झोप राखणदाराच्या खोलीत.”

“रेडिओवर सांगत होते ना, हरवलेत म्हणून?”

“ऐकलं की! पण ते स्मृती क्षीण म्हणाले. अहो, यांना सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर तोंडपाठ! हरवलेला माणूस वेळेवर कामाला येतो का कधी? त्या दिवशी गंमत म्हणून मीच म्हणालो, लावा पिपाणीदादाला, आपणही हरवलोय म्हणून सांगू.” त्याने टोपी फिरवली. “स्वेटर पहिल्याच दिवशी भुशाने माखला. धुवायला टाकलाय. निळा कोट दिला वखारीतला.”

सगळं शहर तपकिरी झालं होतं, आणि ज्याच्यासाठी झालं होतं तो निळ्यात बसला होता.

काका बोर्डापुढे ताठ बसलेले होते. दुसरी लाइन अजून उघडी, घंटी अजून वाजत होती. काकू दारात उभ्या राहिल्या. काकांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत नम्रता होती, पण ओळख नव्हती.

“मी सुट्टीचा माणूस,” काकू म्हणाल्या.

“बरं झालं आलात.” त्यांनी उठून खुर्ची पुसली. “तेवढं घरचं बघा, वाजतंय. मी निघतो. घर... घर कुठल्या बाजूला ते विचारावं लागेल कुणाला.”

“मॅनेजरसाहेब बघतील बोर्ड,” काकू म्हणाल्या. “मीही त्याच बाजूला निघालेय.”

दोघं रस्त्याला लागले. पुलावर मोर्चा आडवा आला. पिपाणीदादाने माफी अर्धवट टाकली म्हणून आता नवा मोर्चा निघाला होता. आदल्यापेक्षा मोठा. खुद्द रेडिओवर जे झालं ते म्हणे ठरवून केलेलं नाटक होतं, भावनांशी दुसऱ्यांदा खेळ. तपकिरी स्वेटरांची रांग संपता संपेना.

“बाजूला व्हा, आजोबा,” एकजण काकांना हळूच कठड्याकडे सारत म्हणाला. “मोर्चा चाललाय दिसत नाही?”

“कुणाकरता?”

“एका बिचाऱ्या गृहस्थांसाठी.”

“सापडले का ते?”

“आता तो प्रश्नच नाही, आजोबा. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

मोर्चात मधेच, बसलेल्या आवाजात ओरडणारी काकूंची बहीण होती. तिला कठड्याशी उभे दोघं दिसले. तिची वर गेलेली मूठ वरच राहिली, हळूहळू उघडली आणि मग तिने त्याच हाताने तोंड झाकलं. काकूंनी मानेनेच सांगितलं, नंतर ये, आत्ता नको.

रांग गेली. पुलावर वारा उरला. काकांनी निळ्या कोटाची बटणं एकाखाली एक चुकवून लावली होती. काकूंनी ती सोडून नीट लावली, आणि त्यांनी ती लावू दिली.

“तुमच्या घरी कोण असतं?” काकांनी चालता चालता विचारलं. एक्स्चेंजमध्ये असं विचारायचा नियम नव्हता.

“आहेत एकजण,” काकू म्हणाल्या. “बाहेर गेलेत. येतील आता.”